मुंगसाच्या नावानं चांगभलं!

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. पावसाळ्याची कामं, सासूबाईंचे गुडघे, मग गणपती, मग पाहुणे... चालायचंच. आज मात्र लिहायला बसले आहे ती चांगलीच चिडून. तेव्हा ज्यांना माझे फुलापानांवरचे लेख आवडतात त्यांनी आजचा सोडून दिला तरी माझी हरकत नाही.

झालं काय, परवा भाच्याचा फोन आला. त्याने कर्जतजवळ दीड एकर घेतलंय हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहेच. आता तिथे तो तीस गिनी फाउल आणणार आहे. ऐकून बरं वाटलं. म्हटलं, खुराडं बांधलंस का? तर म्हणतो, "मावशी, खुराडं कसलं? एकदम फ्री रेंज! कोंडून ठेवणं आपल्याला पटतच नाही. झाडावर झोपतील मस्त. निसर्गच आहे, त्यांचं ते बघून घेतील." आणि लगेच पुढचं वाक्य, "बरं, इकडे मुंगसं फार आहेत म्हणे. तुम्ही लोक मुंगसांना काय करता?"

ही दोन वाक्यं एका दमात बाहेर पडली, आणि त्याला त्यात काही विचित्र वाटलं नाही! पाखरं निसर्गाच्या भरवशावर सोडायची, आणि निसर्गाने त्यातलं एखादं उचललं की निसर्गाचाच बंदोबस्त करायला निघायचं.

फोनवर मी त्याला जरा जास्तच बोलले. ठेवल्यावर लक्षात आलं की २०२१ साली मीसुद्धा हेच बोलत होते, अगदी "निसर्गच आहे" सकट. म्हणून हा लेख भाच्यासाठी, त्याच्यासारख्या सगळ्या शनिवार-रविवारच्या शेतकऱ्यांसाठी, आणि थोडा माझ्यासाठीही.

ज्यांनी गिनी पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. कोंबडीएवढा, पण जास्त गोल पक्षी. राखाडी अंगावर पांढरे ठिपके, जणू कुणी वर तांदूळ उधळलेत. डोकं बोडकं, त्यावर हाडाचं शिंगासारखं टोपण, आणि चेहऱ्यावर कायम "कोण आहे रे तिकडे?" असा भाव. मूळ आफ्रिकेतला, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडचा. तिथे आजही रानात यांचे थवे फिरतात. ग्रीक लोकांना हा पक्षी दोन हजार वर्षांपूर्वीच माहीत होता. मेलिएगर नावाच्या वीराच्या बहिणी त्याच्या मृत्यूने इतक्या रडल्या की त्यांचे पक्षी झाले आणि अंगावरचे ठिपके म्हणजे त्यांचे अश्रू, अशी त्यांची कथा आहे. आपल्याकडे बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्थान आहे. तिथे तयार केलेल्या गिनीच्या जातींची नावं आहेत कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी. नावं इतकी सुरेख की गाणं म्हणतील असं वाटावं. प्रत्यक्षात आवाज असा की शेजारचे भांडायला येतात. मादी दोन तुकड्यांत ओरडते. मला ते "ये की! ये की!" असं ऐकू येतं. नर एकसुरी कर्कश. नर-मादी ओळखायची सगळ्यात खात्रीची खूण हीच.

ठाणं सोडून आम्ही कुडाळकडच्या या घरी राहायला आलो तेव्हा मी वीस गिनी आणल्या. कारण गोचीड. आमच्या सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडतापाने लोकांना बराच त्रास दिला, आणि तो पसरतो गोचिडीमुळे. गिनी गोचीड वेचून खातात हे खरं आहे. १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गिनी फिरतात त्या हिरवळीवर प्रौढ गोचिडी कमी सापडल्या होत्या. पण माकडताप मुख्यतः पसरवतात ती गोचिडीची अगदी बारीक पिल्लं. तेव्हा गिनी पाळल्या म्हणून रानात जाताना पूर्ण अंग झाकायचं आणि तेल लावायचं सोडू नका. हे जाता जाता.

पक्षी देणाऱ्याने आम्हाला दोन गोष्टी ठासून सांगितल्या होत्या. एक, "यांना काही करावं लागत नाही." दोन, "ताई, ही पाखरं स्वतःच राखण करतात, कुत्र्याची गरज नाही." पहिली साफ खोटी. दुसरी अर्धी खरी, आणि अर्धी खरी जास्त घातक. गिनी ओरडतात. साप दिसला तर ओरडतात, घार दिसली तर ओरडतात. पण पोस्टमन आला तरी, कुणी छत्री उघडली तरी, वाळत घातलेला परकर वाऱ्याने फुगला तरी तितक्याच जिवाच्या आकांताने ओरडतात. आठ दिवसांत घरातल्या माणसांचे कान त्याला सरावतात, आणि खरोखर काही आलं त्या दिवशी कुणी उठून बघत नाही. आणि ओरडणं म्हणजे राखण नव्हे! राखण म्हणजे ओरडल्यावर कुणीतरी धावून यायला हवं. रात्री तर या पक्ष्याला धड दिसत नाही, तो बसल्या जागी गप्प राहतो. म्हणजे ज्या वेळी राखणीची गरज, नेमका त्याच वेळी राखणदार आंधळा आणि मुका.

तर अशी ही वीस पाखरं मी मोकळी सोडली. आमच्याकडे येणाऱ्या सगळ्यांना कौतुकाने दाखवायचे, "बघा, कसं स्वातंत्र्य!" संध्याकाळी ती फडफडत आंब्यावर चढायची आणि वरून बोंबलायची. ठाण्याच्या जाऊबाई म्हणाल्या होत्या, "किती छान गं, नाहीतर त्या बॉयलर कोंबड्यांचे हाल!" मला फार पुण्यवान वाटलं होतं.

एप्रिलमध्ये माद्या घालायला लागल्या. गिनीची मादी खुराड्यात अंडी घालत नाही. रानात, जमिनीवर, करवंदाच्या जाळीत नाहीतर गवताच्या बुडाशी लपून घालते. दोन-तीन माद्या एकाच खळग्यात घालतात, आणि पंचवीस-तीस अंडी साठली की एक जण बसते. कोंबडीची अंडी एकवीस दिवसांत फुटतात, गिनीची सव्वीस ते अठ्ठावीस दिवस घेतात. म्हणजे जवळजवळ चार आठवडे ती मादी रात्रंदिवस जमिनीवर, एकाच जागी, हलायचं नाही असं ठरवून बसलेली असते. आणि तिचा वास रोज त्याच जागेवरून सुटत असतो.

पहिली गेली तेव्हा कळलंच नाही. दुसरी गेली तेव्हा वाटलं, लांब फिरायला गेली असेल. चौथीला मात्र मी रोज बघत होते. गडग्याच्या पलीकडे करवंदीखाली बसली होती. मी दिवस मोजत होते. पंचविसाव्या दिवशी संध्याकाळी जाऊन आले, तर तिने मान न हलवता एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "टोपलीखाली घालूया का? वर दगड ठेवू." मी म्हटलं, "कशाला? आई आहे ती, तिला कळतं." हे वाक्य मी बोलले आहे. सकाळी तिथे पिसं होती. अंडी विखुरलेली, काही फुटलेली, गार. फुटलेल्या अंड्यांतली पिल्लं पूर्ण भरलेली होती, ठिपके यायचे तेवढे बाकी. दोन दिवस, फार तर तीन, हवे होते.

अशा सहा माद्या गेल्या. पावसाळ्यात आंब्यावरून आणखी तीन गेल्या. गणपतीत आरतीला जमलेल्या सगळ्यांनी एकमताने निकाल दिला : मुंगूस! वरच्या वाडीतले आबा म्हणाले, "वयनी, ह्या मुंगसाचाच काम. फासकी लावतंय, काळजी करू नका."

मी "नको" म्हटलं नाही. "लावा" असंही म्हटलं नाही. चहा घ्या म्हटलं. हा लेख लिहिताना सगळ्यात जड जातंय ते हे वाक्य.

पाचव्या दिवशी मोटारसायकलच्या क्लचवायरच्या त्या फासात मुंगूस नाही, कांडेचोर सापडला. म्हणजे उदमांजर. तारेने कंबर कापत नेली होती आणि आजूबाजूची हातभर माती त्याने रात्रभर उकरली होती. मेलेला होता. फणस, भेर्ली माडाची फळं खाणारं आणि त्यांच्या बिया रानभर पेरत जाणारं हे जनावर. मिळालं तर पाखरूही खातं, नाही असं नाही. त्याने माझी पाखरं खाल्ली होती की नव्हती, हे मला आजही सांगता येत नाही. आबांनी त्याला खड्डा काढून पुरलं आणि म्हणाले, "आता बघा, थांबतला."

थांबलं नाही. दिवाळीच्या आधी एका पहाटे, धड उजाडलंही नव्हतं, प्रचंड कालवा झाला म्हणून धावत गेले तर काजूखाली पाच गिनी मरून पडल्या होत्या. एकही खाल्लेली नव्हती. आणि दोन कुत्रे गडग्यावरून उड्या मारून पळत होते. त्यातला एक आमच्याच दारचा. म्हणजे पाळलेला नव्हे, पण रोज दुपारी ज्याला मी स्वतः भाकरी टाकते तो!

विसातल्या सहा उरल्या. त्या दिवशी मी आबांवर नाही, कुत्र्यावर नाही, मुंगसावर तर नाहीच नाही, स्वतःवर चिडले. कारण तोपर्यंत मी एकदाही खाली वाकून नीट बघितलं नव्हतं की कोण काय करून गेलंय. मुंगूस हे उत्तर आधीच तयार होतं, त्यामुळे प्रश्न विचारायची गरजच पडली नाही.

बघायला लागलं की बरंच दिसतं. पिसांचा गोल ढीग एकाच जागी पडलेला असेल तर शिकारी पक्षी, तो आधी पिसं उपटतो. धड जागेवर आणि मुंडकं नाहीसं, आणि पक्षी झाडावर झोपणारा, तर घुबडावर संशय घ्यायला जागा आहे. सगळा पक्षीच गायब आणि वाटेवर तुरळक पिसं, तर कोल्हा, रानमांजर, क्वचित बिबट्या. अंडी गेली आणि टरफलाचा तुकडाही नाही, तर साप, बहुतेक धामण. घोरपडही अंडी सोडत नाही. आणि एका वेळी चार-पाच मारून तशीच टाकलेली असतील तर कुत्रा. कुत्र्याला भूक नसते, त्याला खेळ हवा असतो. या खुणा काही न्यायालयात टिकणाऱ्या नव्हेत, एकमेकींत मिसळतात. पण "मुंगूस" म्हणून मोकळं होण्यापेक्षा बऱ्या.

मुंगूस पाखरं खातं. अंडी तर आवडीने खातं. मी त्याची वकिली करायला बसलेले नाही. पण जरा विचार करा, आमच्या या वाडीत परकं कोण? गिनी आफ्रिकेची, माझ्या हौशीने टेम्पोत बसून आलेली. मुंगूस इथलं. आमच्या घराचा चिरा बसवला त्याच्या आधीपासूनचं. ते उंदीर-घुशी खातं, विंचू खातं, सापाला मारतं, तेव्हा त्याचे आभार कुणी मानत नाही, फक्त रस्त्यात आडवं गेलं तर शुभ म्हणून हात जोडतो. आणि एका गवताच्या बुडाशी मी पंचवीस अंडी आणि एक न हलणारी कोंबडी वाढून ठेवली, ती त्याने खाल्ली तर तो चोर? पंगतीला पान मांडायचं आणि जेवणाऱ्याला दरोडेखोर म्हणायचं!

शिवाय मारून उपयोग काय? इथे मला जुन्नरची आठवण होते. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिथल्या उसाच्या पट्ट्यातून बरेच बिबटे पिंजऱ्यात पकडून दुसऱ्या जंगलांत नेऊन सोडले होते. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. निष्कर्ष असा की जिथे बिबटे सोडले त्याच्या आसपास माणसांवरचे हल्ले उलट वाढले. पुढे अत्रेयांनीच अकोले तालुक्यात, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, तिथल्या शेतांतून राहणारे बिबटे खातात काय ते तपासलं, तर आहारात सगळ्यात मोठा वाटा गावच्या कुत्र्यांचा निघाला. बिबट्या कुठे आणि मुंगूस कुठे, मान्य. पण सूत्र तेच आहे. जिथे खायला आयतं मिळतं तिथे कुणीतरी येणारच. एकाला मारलंत तर मोकळ्या जागेवर दुसरा येईल. जेवणाचं ताट उचलल्याशिवाय पंगत उठत नाही.

आणि कायदा? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगूस, उदमांजर, कोल्हा, घोरपड, बिबट्या या सगळ्यांना संरक्षण आहे. फासकी लावणं हा गुन्हा आहे. तो मी घडू दिला. आणि फासकीला डोळे नसतात. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकल्याच्या बातम्या कोकणात आपण सारख्या वाचतो. विष घालणारे तर त्याहून थोर. मेलेल्या कोंबडीत विष भरून ठेवलं की ते कुत्रा खातो, मांजर खातं, कावळा खातो, घार खाते. ज्याच्यासाठी ठेवलं तो सोडून सगळे.

आता माझ्या भाच्याचा खरा मुद्दा. "मावशी, कोंडणं म्हणजे क्रौर्य." बाळा, ज्या क्रौर्याबद्दल तू बोलतोस ते मला मान्य आहे. अंड्यांच्या मोठ्या कारखान्यांतल्या पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला टायपिंगच्या एका कागदाएवढीही जागा येत नाही. पंख पसरता येत नाहीत, माती उकरता येत नाही, जन्मभर. त्याविरुद्ध तू बोल, मी तुझ्याबरोबर आहे. पण त्यावरचा उपाय म्हणजे हात झटकणं नव्हे. पिंजऱ्यात ठेवणारा निदान खोटं बोलत नाही, त्याला अंडी हवीत. आपण मात्र अंडीही घ्यायची, वर मोठ्या मनाचा मानही घ्यायचा, आणि रात्री नऊ वाजता दाराची कडी लावून आपण झोपायचं. पाखरू मात्र "निसर्गात".

आणि निसर्ग म्हणजे काय, हेही एकदा बोलूया. आफ्रिकेत गिनी झाडावर झोपते, जमिनीवर बसते, भरपूर अंडी घालते. का घालते इतकी? कारण त्यातली बरीचशी जायची असतात. तो जंगलाचा हिशोब आहे, त्यात खाणारेही धरलेले आहेत. तुला तो हिशोब मान्य असेल तर खुशाल सोड पाखरं, आणि सहा महिन्यांनी दोन उरली तर तक्रार करू नकोस, मुंगसाचं नाव काढू नकोस. पण तुला तीसच्या तीस हवी असतील तर तो तुझा हिशोब झाला, जंगलाचा नव्हे. मग तो जमवायचं काम तुझं. दोन्ही वह्या एकदम चालवता येत नाहीत.

नुसतं बोलून थांबणं बरं नाही, म्हणून आम्ही काय केलं ते लिहिते. आता आमच्याकडे एकतीस आहेत, आणि गेल्या वर्षात दोन गेल्या.

खुराडं चिऱ्याच्या जोत्यावर. कोंबडीजाळी वापरू नका, ती कोंबडी आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या, महाग पडते, पण घ्या. तीच जाळी खाली दीड फूट बाहेरच्या बाजूला जमिनीखाली आडवी पसरून पुरा, म्हणजे उकरणारा तिथेच अडतो. आत बसायला उंचावर आडव्या काठ्या, कारण गिनीला उंच जागा हवी. आत एक छोटा दिवा, कारण अंधाऱ्या खुराड्यात ती पाऊल टाकत नाही. आम्ही महिनाभर तिच्या अकलेला शिव्या दिल्या, मग पाच वॅटचा बल्ब लावल्यावर आपसूक आत शिरली.

नवी पाखरं आणली की पहिले दीड-दोन महिने आतच. तेवढ्यात घर म्हणजे हे, एवढं त्यांच्या डोक्यात बसतं. मग थोडी थोडी सोडायची. संध्याकाळचं दाणापाणी खुराड्यातच, बाहेर नाही. मी डबा वाजवते, आत कण्या टाकते. सूर्य बुडायच्या आधी, बुडाल्यावर नाही. एकदा झाडावर चढली की त्या रात्रीपुरती गेलीच समजा.

अंडी रोज शोधून आणायची, खळग्यात दोन-तीन ठेवून, नाहीतर ती जागा बदलते. आणि पिल्लं हवी असतील तर गावठी खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची. बिचारीला स्वतःच्या पिल्लांपेक्षा एक आठवडा जास्त बसावं लागतं, पण बसते. ही पिल्लं तिच्यामागून फिरतात आणि संध्याकाळी तिच्यामागून घरी येतात. गिनी आई पिल्लांना दहिवरातून, ओल्या गवतातून पळवत नेते आणि ती गारठून मरतात. गावठी आई तसं करत नाही. चार पिढ्यांचा माणसाचा सहवास कुठेतरी मुरलेला असणार.

कुत्र्याला मी अजूनही भाकरी टाकते. आता गडग्याच्या बाहेर.

ज्या दोन गेल्या त्या दिवसा गेल्या. एक शिक्र्याने नेली असावी, ती अजून लहान होती. दुसरीचं कळलं नाही. दिवसा मोकळं सोडलं की अधूनमधून एखादं जाणार. ते मोकळेपणाचं भाडं आहे, आणि मी ते भरते, कुणाच्या नावाने बोटं न मोडता. त्यांनी उन्हात पंख पसरून धुळीत लोळावं, गवतात थव्याने फिरावं, यासाठी तेवढं द्यायला मी तयार आहे. पण रात्रीचं भाडं कुणी मागितलेलं नव्हतं. ते मी आळसापायी भरलं आणि त्याला तत्त्वज्ञानाचं नाव दिलं.

यात मी नवीन असं काहीच शोधलेलं नाही. आमच्या सासूबाईंनी या घरात पन्नास वर्षं कोंबड्या पाळल्या. दिवसभर त्या परसात, शेणकीत, शेजाऱ्यांच्या खळ्यात फिरायच्या, आणि दिवेलागणीला डालग्याखाली जायच्या. त्याला त्या फ्री रेंज म्हणत नव्हत्या. त्यांना ते इंग्रजी नाव ठाऊकच नाही. आम्ही शिकलेल्यांनी त्यांची अर्धी पद्धत उचलली, तिला साहेबी नाव दिलं, आणि उरलेली अर्धी, म्हणजे संध्याकाळी उठून दार लावायची कटकट, टाकून दिली.

मी गिनी आणल्या तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "रातीची खंय घालतलंस गो ह्येंका?" मी म्हटलं होतं, "आई, ही वेगळी पाखरं आहेत. ही झाडावर राहतात." त्या काही बोलल्या नाहीत. सुनेला शिकवायला गेलं की सून दुखावते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्या चौथ्या मादीची अंडी मी सुपात भरून आणली तेव्हा मात्र त्या बराच वेळ त्या सुपाकडे बघत बसल्या होत्या.

आता गुडघ्यांमुळे त्यांना पडवीतून उतरता येत नाही. पण तिन्हीसांजेला दिवा लावला की आतून हाक येतेच, "कोंबयो मोजलंस काय गो?"

मोजते. सव्वासहाच्या सुमारास, रोज. पाहुणे असोत, पाऊस असो, टीव्हीवर काही असो. एकतीस भरल्या की कडी लावते आणि आत जाऊन त्यांना आकडा सांगते. भरल्या नाहीत तर बॅटरी घेऊन बाहेर पडते.

भाच्या, तुझं कर्जतचं घर शनिवार-रविवारचं आहे. सोमवार ते शुक्रवार सव्वासहाला तिथे कोण असणार, याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर तीस काय, साठ आण. मी स्वतः येऊन खुराडं बांधायला मदत करीन, वर एक खुडूक कोंबडी भेट. उत्तर नसेल तर आणू नकोस. एवढंच. आणि मुंगसाला काय करायचं, तर काही करायचं नाही. दिसलं तर हात जोड.

असो. फार लांबलं. सहा वाजत आले, डबा वाजवायला हवा.